पवनचक्कीची लाईन रानातून नेतायत, मोबदला कसा ठरवायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या माळावर. शिवारात पवनचक्क्या उभ्या राहतायत. आमच्या गटात चक्की नाही, पण सबस्टेशनकडे जाणाऱ्या लाईनीचे खांब आणि हायवा (मोठे डंपर) आणि क्रेनचा रस्ता आमच्याच रानातून आखलाय. एजंट (भावकीतलाच, म्हणून अजून अवघड) कोऱ्या बाँडवर सही मागतोय. रक्कम तोंडी सांगतो, तीही प्रत्येकाला वेगळी. ज्याने काम अडवलं त्याला जास्त, ज्याने गुमान सही केली त्याला चहापाण्यापुरते.

गावात विरोध आहे, एकजूट नाही. ज्याच्या रानात चक्की त्याचे पैसे झाले, तो आता बैठकीला येईना. काहीजण म्हणतात पाती ढग पळवतात, म्हणून पाऊस कमी झाला. मला ते पटत नाही, आणि निवेदनात घातलं तर साहेब लोक बाकीचंही हसण्यावारी नेतील. खरं दुखणं म्हणजे बांध फोडलेत, ओढ्यात मुरूम टाकलाय, पाणंद हायवांनी उखडलीय. अडवायला गेलं की पोलीस बंदोबस्त.

खांबाला आणि तारेखालच्या जमिनीला सरकारी दर आहे का? ग्रामसभेच्या ठरावाला किंमत किती? आणि घरापासून चक्की किती लांब हवी? वस्तीवरच्या एका घराला अगदी लागून पायाचा खड्डा घेतलाय.

प्रतिसाद १
कोऱ्या बाँडवर सही अजिबात नको, भावकी असो नाहीतर सोयरीक. आधी लाईन किती केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब) ते विचारा. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि ग्रामीण भागात तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के असं आहे (२०१५ साली ८५ आणि १५ होतं). पण ते ६६ केव्ही आणि वरच्या लाईनींना. राज्यात आज कोणता शासन निर्णय लागू आहे, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या.

दुसरं, कंपनीकडे विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खालचा आदेश आहे का? असेल तर तुमच्या संमतीशिवायही टॉवर उभा करता येतो. भरपाई मात्र द्यावीच लागते, आणि ती कमी वाटली तर जिल्हा न्यायालयात जाता येतं. आदेश नसेल तर तुमची बाजू वरचढ.

प्रतिसाद २
मी साताऱ्याकडचा. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर हे सगळं आधीच होऊन गेलंय. एकेकट्याने सह्या केल्या की दर पडतो, म्हणून एका लाईनीवरचे सगळे गटवाले मिळून एकच अर्ज द्या.

पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली जनसुनावणी नाही, म्हणून ग्रामसभेचा ठराव घ्याच. त्याने काम थांबेल असं नाही, पण कागद राहतो. अंतराचं म्हणाल तर नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या सूचनांत आवाजाच्या त्रासासाठी घरापासून ५०० मीटर आहे. त्या घराची मोजणी करून फोटोसह तहसीलला द्या. फोडलेल्या बांधाचा पंचनामा तलाठ्याकडून आत्ताच करून घ्या, पेरणी झाली की काही दिसणार नाही.

धागाकर्ता
आभारी आहे. चौकशी केली, आमची लाईन ३३ केव्हीची निघाली, म्हणजे २०० टक्के वगैरे आमच्या कामाचं नाही. मग दर आपसातच ठरणार. कुणी ३३ केव्हीसाठी गटवाल्यांचा सामाईक करार केला असेल तर मसुदा दाखवाल का? रस्त्याचं भाडं एकरकमी घेतलं की दरवर्षी, तेही सांगा.