शेरभर कीस: वजनी शेर की मापी?

सईबाई: आजेसासूबाईंच्या वहीत साखरांब्याची कृती आहे. 'कैरीचा कीस १ शेर, साखर सव्वा शेर, वेलदोडे.' मुलीला ती ग्रॅममध्ये लिहून द्यायची आहे. मी शेर म्हणजे ८० तोळे, अर्थात साधारण ९३३ ग्रॅम धरले. नणंद म्हणते, घरात तराजू नव्हताच, शेर म्हणजे फडताळातलं पितळी माप. कोणाचं बरोबर?

चिपटं_मापटं: नणंदेचं. आम्ही पाठच केलं होतं: दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. स्वयंपाकघरातला शेर तो हाच.

तागडी: धान्यापुरतं मान्य. साखर मात्र वाणी तोलून द्यायचा, ती मापटं-चिपट्यात कशाला शिरेल? आणि वजनी शेर तरी कुठे एकच होता! मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि ४० शेरांचा, म्हणजे तो शेर जेमतेम ३१८ ग्रॅम. वही कुठल्या गावची आणि कधीची? मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून यायला लागली, त्यामुळे साल कळलं तर बरं.

रायवळ: गाव कुठलंही असो. दोन्ही जिन्नस वजनी असतील तर शेर केवढा याने काहीच बिघडत नाही, प्रमाण १ ला सव्वाच राहतं. दोन्ही मापी असतील तर मात्र चव बदलते. २५० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते. त्याच कपात मोकळा कीस बराच कमी भरतो, कारण मध्ये हवा असते. म्हणजे मापी सव्वापट साखर वजनाने सव्वापटीच्या पुष्कळ वर जाते. सईबाई, त्यांचा साखरांबा खूप गोड असायचा का? आणि कीस दाबून भरायच्या की शीग लावून?

चिपटं_मापटं: शीग धान्याची. किसाला शीग कुठली? 'वर येईपर्यंत भरून' म्हणा.

करवंदी: का नाही? आमच्याकडे करवंदं, जांभळं विकणाऱ्या बायका माप काठोकाठ भरलं की वर ओंजळभर टाकतात, आणि 'शीग दे गं' असंच मागतात. 'शिगेला पोचणे' त्यातूनच आलं. माझ्या मते मूळ 'शिखा'.

तागडी: 'शृंग' जास्त जवळचं वाटतं.

करवंदी: शृंगाचं शिंग झालं की! शीग वेगळी.

नवी_वाटी: मुलीला यातलं काय कळणार? सरळ ग्रॅम लिहा. वाटीही नको, प्रत्येक घरची वाटी वेगळी.

रायवळ: ग्रॅम लिहाच, पण मूळ ओळ खोडू नका. 'शेर' राहिला तरच उद्या कोणी ग्रॅम तपासून बघेल. 'दाबून', 'मोकळा', 'शीग लावून' हे शब्द ग्रॅमशेजारी लिहायला जागा लागत नाही.

नवी_वाटी: मग प्रत्येक कृतीला कोश जोडावा लागेल. पाककृती रांधण्यासाठी असते.

चिपटं_मापटं: तक्त्यात एक राहिलंच. शेर आणि पायलीच्या मध्ये अडिशेरी. दोन शेरांची एक अडिशेरी, दोन अडिशेऱ्यांची पायली. दोनच शेर असताना नावात 'अडी' कशी?

तागडी: वजनाची अडिशेरी अडीच शेरांची असेल, नाव तिथून मापाकडे आलं असेल.

करवंदी: की उलट? आमच्या आजीची अडिशेरी लाकडी होती, लोखंडी पट्ट्यांची. फोटो शोधते.