मदत हवी आहे : परिच्छेदलेखन आणि व्याकरण एकत्र कसे शिकवावे?

नाशिकमधील एका महाविद्यालयात पदवीच्या पूर्वतयारी वर्गाला मी मराठी लेखन शिकवते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून आलेल्या माझ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण कागदावर उतरवताना वाक्ये एकमेकांत गुंततात. नागलीच्या (नाचणीच्या) लावणीवर एका मुलीने रोपे उपटण्यापासून पावसाने दिलेल्या ओढीपर्यंत सारे लिहिले, परंतु पूर्णविराम एकच, तोही अगदी शेवटी. मजकूर इतका जिवंत होता की लाल शाई लावायला हात धजेना.

१९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे शुद्धलेखनाचे १८ही नियम मी समजावून पाहिले. ‘फूल’चे ‘फुलाला’ होताना ऊकार ऱ्हस्व होतो, हे फळ्यावर सर्वांना जमते. स्वतःच्या परिच्छेदात मात्र ‘फूलाला’च उमटते. म्हणून नियम सुटे न शिकवता मुलांच्याच लेखनातून व्याकरणाकडे जावे, असे मला मनापासून वाटू लागले आहे. हा मार्ग कोणी अवलंबला असल्यास, एका तासात किती चुका हाताळाव्यात आणि आधी मुख्य कल्पनेचे वाक्य शिकवावे की विरामचिन्हे, हे कृपया सविस्तर कळवावे. वर्गात ४० मुले आहेत आणि आठवड्याला ३ तास मिळतात.