अकरावी-बारावीच्या इंग्रजीत खरे निबंध वाचायचे आणि मुलांनी ब्लॉग लिहायचा – पटतंय का?

मांडवीकर:
मी बडोद्यात अकरावी-बारावीच्या ॲडव्हान्स्ड इंग्लिशच्या बॅचला शिकवते. ज्या मुलांचं इंग्रजी मुळातच बरं आहे त्यांच्याकडून इंट्रो, तीन मुद्दे, कन्क्लूजन हाच साचा दोन वर्षं घोटून घेणं मला अजिबात पटत नाही. त्यांना खरे निबंध वाचायला द्या आणि दर आठवड्याला वर्गाच्या ब्लॉगवर लिहू द्या. आम्ही इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचा १९३६चा हत्ती मारण्यावरचा निबंध वाचला. बर्मातला गोरा पोलीस अधिकारी, हत्ती आता शांत झालाय, मारायची गरज नाही हे त्याला कळतंय, पण मागे गर्दी जमलीय आणि लोक हसतील म्हणून तो गोळी घालतो. एकाने विचारलं, मॅडम यात थीसिस स्टेटमेंट, म्हणजे मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य, कुठेय? शोधलं तर पहिल्या पॅराग्राफमध्ये नाहीच, ते हत्तीसमोर उभं असताना मधेच येतं आणि खरी कबुली तर शेवटच्या वाक्यात. वर्ग अर्धा तास त्यावर भांडला.
मग एकीने उत्तरायणाआधी रस्त्याकडेला पतंगाच्या दोऱ्याला काच घासणाऱ्यांवर लिहिलं, "ते फार मेहनत करतात" छापाचं. खाली वर्गातल्याच मुलाने विचारलं, काचेचा दोरा हातातून जातो तर बोटं कापत नाहीत का? ती परत जाऊन बघून आली. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, त्याही दोऱ्याच्या गुलाबी रंगाने माखलेल्या. दुसऱ्या खर्ड्यात हे सगळं आलं. नुसत्या माझ्या लाल पेनाने ती परत गेली नसती.

दांडियाबाजार_काका:
ताई, हौस चांगली आहे पण सीबीएसईचा लेखी पेपर ८० मार्कांचा, त्यात नोटीस, पत्र, आर्टिकल ठरलेल्या फॉरमॅटमध्येच लागतं. फॉरमॅट चुकला की मार्क गेले, मग ॲडमिशनच्या वेळी ऑर्वेल येणारे का मदतीला? आणि लिहिणं वहीतही शिकता येतं की. आपल्या बडोदा कॉलेजात अरविंद घोष इंग्रजी शिकवायचे, तेव्हा कुठे होता ब्लॉग?

अकरावीची_आई:
मला मार्कांपेक्षा दुसरी काळजी आहे. सोळा वर्षांचं पोर आज जे लिहितं ते दहा वर्षांनी कोणीही शोधून काढेल, तेव्हा त्याचं मत बदललेलं असेल तर? २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८च्या आतलं प्रत्येकजण मूलच आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. शाळा-क्लासवाले एक फॉर्म फिरवतात आणि आपण न वाचता सही करतो. माझी मुलगी घरात छान लिहिते पण चारचौघांत चूक निघाली की महिनाभर पेन हातात धरत नाही, अशा मुलांचं काय?

सुरसागरकाठी:
काका, अरविंदांचं नाव काढलंत तर पुढचंही सांगतो. ते बडोद्यात नोकरीला असतानाच १८९३-९४ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश या वृत्तपत्रात काँग्रेसवर टीका करणारी लेखमाला लिहीत होते, तीही नाव न देता. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं आणि पुढचे लेख मवाळ झाले. म्हणजे लिहिलेलं कोणीतरी वाचत होतं, त्याचा परिणाम होत होता. वहीत ते कसं होणार? आणि आई म्हणतात त्यावरही उपाय त्यातच आहे, मुलांनी टोपणनावाने लिहावं.

ट्यूशन_संध्याकाळी:
सगळं ठीक, पण घरी लिहायला सांगितलं की चॅटजीपीटी लिहिणार, खाली कॉमेंटही तोच टाकणार. मी रोज बघतोय, "इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड"ने सुरू होणारे गठ्ठे येतात. वाचन घ्या, मनापासून पाठिंबा. ब्लॉगला नाही.

मांडवीकर:
पहिला खर्डा वर्गात हाताने, फोन बाहेर, पोस्ट त्यानंतरच. ब्लॉग पासवर्डचा, टोपणनावं आत्ताही आहेत, आणि वर्ष संपलं की मुलाने सांगितलं ते काढून टाकते. आई, लाजणाऱ्या मुलांना मी आधी फक्त प्रश्न विचारायला लावते, स्वतःचं पोस्ट नंतर. काका, फॉरमॅटला डिसेंबरपासून महिनाभर देतेच, पण चांगलं वाचणाऱ्या मुलाला नोटीस लिहायला दोन वर्षं लागत नाहीत हो.

दांडियाबाजार_काका:
महिना कमी पडतो, नोव्हेंबरपासून घ्या. पासवर्डवाला असेल तर माझ्या नातवाला पाठवीन, पण युनिट टेस्टचे मार्क घसरले तर काढून घेणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

अकरावीची_आई:
पासवर्ड किती जणांकडे असतो, ताई? पालकांना मिळतो का? माझं अजून नाहीच.