उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्डाचे वॅट कमांडनं बांधावेत, की आधी कॅबिनेट उघडावं?

सिडकोकर
मार्च सरला की नाशकात दुपारचा पारा चाळिशीकडे सरकतो आणि दिवसभर रेंडर (थ्रीडी चित्रं तयार करण्याचं काम) लावलेले पीसी कुरकुरायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे: एनव्हीडियाचं आरटीएक्स 3060 कार्ड असेल तर एप्रिल ते जून त्याला 170 ऐवजी 130 वॅटवर बांधा. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, ड्रायव्हरबरोबर येणारं एनव्हीडिया-एसएमआय हे कमांडचं साधन पुरतं. (कमांड देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, फक्त -डी नंतरचा शब्द मोठ्या अक्षरांत.)

आधी "एनव्हीडिया-एसएमआय -क्यू -डी पॉवर" चालवा. त्यात कार्डाची किमान, कमाल आणि डिफॉल्ट मर्यादा दिसते. कंपनीगणिक आकडे बदलतात, म्हणून हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग "एनव्हीडिया-एसएमआय -पीएल 130". लिनक्सवर कमांडच्या सुरुवातीला सुडो (ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी देणारा शब्द) लावा, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर परवानगी नाही म्हणून कमांड परत येते. किमानपेक्षा खालचा आकडा दिला तर तो नाकारला जातो.

वीज जवळपास चौथा हिस्सा कमी होते, वेग मात्र तेवढा घटत नाही. शेवटचे काही मेगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते.

सातपूर_हार्डवेअर
दादा, साफ असहमत. कार्ड तापलं की आधी स्वतःचा वेग कमी करतं. पीसी एकदम काळा पडत असेल किंवा रीस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि केबलवर घ्यायचा. आणि निदान मर्यादा घालायच्या *आधी* करायचं.

रेंडर चालू असताना "एनव्हीडिया-एसएमआय -क्यू -डी परफॉर्मन्स" बघा. "एसडब्ल्यू थर्मल स्लोडाउन" ॲक्टिव्ह असेल तर प्रश्न उष्णतेचा. "एचडब्ल्यू पॉवर ब्रेक" ॲक्टिव्ह असेल तर वीजपुरवठ्याचा. नुसतं "एसडब्ल्यू पॉवर कॅप" (वॅटची मर्यादा गाठली) असेल तर पूर्ण लोडवर ते ठीकच आहे. तुमची -पीएल लावली की ही शेवटची ओळ सतत ॲक्टिव्ह राहणार, मग वेग नेमका कशानं पडतोय ते कळायचं कसं?

लिनक्सवर डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) "एक्सआयडी" हा एनव्हीडिया ड्रायव्हरचा एरर क्रमांक शोधा. एक्सआयडी 79 म्हणजे कार्ड बसवरून गळालं, मदरबोर्डशी त्याचा संपर्क तुटला. तिथे पॉवर केबल, स्लॉटमधली पकड आणि एसएमपीएस तपासा. स्लॉटमधून 75 आणि आठ पिनच्या केबलमधून 150 वॅट अपेक्षित असतात. दोन सॉकेटचं कार्ड एकाच केबलच्या दोन तोंडांवर चालवत असाल तर ते आधी बंद करा, दोन स्वतंत्र केबल ओढा.

आणि धूळ! पंखा काढून हीटसिंककडे (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांकडे) टॉर्च मारा. त्या पट्ट्यांच्या मधोमध राखाडी नमद्यासारखा थर बसलेला दिसेल. वरून पंखा स्वच्छ दिसतो, हवा मात्र आरपार जातच नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं.

कॉलेजरोड_थ्रीडी
एक गोष्ट दोघांकडूनही सुटली. -पीएल सरासरीवर चालते. मिलिसेकंदांचे झटके त्यातून निसटतात आणि कमजोर एसएमपीएस नेमका त्यावरच ट्रिप होतो. अशा पीसीवर "एनव्हीडिया-एसएमआय -एलजीसी 210,1700" जास्त उपयोगी. क्लॉक (चिपचा वेग) 1700 मेगाहर्ट्झच्या वर चढत नाही, त्यामुळे वरचं व्होल्टेजही मागितलं जात नाही. परत फिरायचं तर "-आरजीसी". फरक बघायला "एनव्हीडिया-एसएमआय डीमॉन" चालू ठेवा, दर सेकंदाला वॅट, तापमान आणि क्लॉक समोर येतात.

खरं अंडरव्होल्ट (त्याच वेगाला कमी व्होल्टेज) एनव्हीडिया-एसएमआयमध्ये नाहीच. विंडोजवर त्यासाठी आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधला वेग-व्होल्टेजचा कर्व्ह लागतो.

सिडकोकर
सातपूर, धुळीचं आणि निदानाचं मान्य. आधी ते, मग मर्यादा. पण खोलीचं तापमान 25 वरून 40 झालं तर त्याच वॅटवर, त्याच पंख्यावर कार्डही साधारण 15 अंशांनी चढतं. कितीही साफ केलं तरी हे 15 अंश जात नाहीत. बंद खोलीत एसीशिवाय काम करणाऱ्याला वॅट कमी करणं हाच उपाय उरतो.

पंचवटी_नवीन
-पीएल लावली होती, लाइट जाऊन आली की परत 170 दिसतंय. कमांड चुकली का?

सिडकोकर
नाही भाऊ, रीस्टार्ट झाल्यावर मर्यादा पुसली जाते. विंडोजवर टास्क शेड्युलरमध्ये "ॲट स्टार्टअप" टास्क करा, "हायेस्ट प्रिव्हिलेजेस"वर खूण करा. लिनक्सवर सिस्टमडीची वनशॉट सर्व्हिस (मशीन सुरू होताना एकदा चालणारी) लिहा. स्क्रीन न जोडलेल्या रेंडर मशीनवर त्यात आधी "-पीएम 1" (ड्रायव्हर चढलेलाच ठेवणारा पर्याय) हवं, नाहीतर काम संपल्यावर ड्रायव्हर उतरतो आणि मर्यादा त्याच्याबरोबर जाते.

पंचवटी_नवीन
आणि "ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच"? काल अपडेटनंतर आलं.

कॉलेजरोड_थ्रीडी
नवी लायब्ररी आली, मेमरीत ड्रायव्हर जुनाच आहे. रीस्टार्ट करा. त्यानंतर "ड्रायव्हरशी संपर्क नाही" असं आलं तर "मोकयुटिल --एसबी-स्टेट" बघा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल चढत नाही.

सातपूर_हार्डवेअर
पंचवटी, लाइट जाऊन-येऊन असेल तर यूपीएसचा भार आधी मोजा. 600 व्हीएच्या लहान यूपीएसवर हे कार्ड आणि प्रोसेसर एकत्र पूर्ण लोडवर टिकणं कठीण. मर्यादेवर माझं मत तेच आहे, सिडकोकर: साफसफाई आणि केबल झाल्यावर पुन्हा तासभर डीमॉन बघायचं. तरीही थर्मल स्लोडाउन ॲक्टिव्ह दिसलं तरच 130.