अभियांत्रिकीच्या वर्गात केवळ फळ्यावरचे व्याख्यान पुरेसे आहे का?

प्रश्न (नागपूर):
मी दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स (भाराखाली पदार्थ कसे वागतात याचा विषय) शिकवतो. फळ्यावर सोडवलेले गणित मुले जसेच्या तसे उतरवून घेतात. मात्र बीमचा (तुळईचा) आधार थोडा बदलला, की बेंडिंग मोमेंटची (तुळईला वाकवणाऱ्या परिणामाची) आकृती कोठून सुरू करावी हेच त्यांना उमगत नाही. पद्धत बदलून खरोखर फरक पडतो का?

उत्तर १:
पडतो, सर. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची रीत करून पाहा: संकल्पनेवर एक प्रश्न, आधी प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा उत्तर. उदाहरणार्थ, मध्यभागी भार असलेल्या बीमची दोन्ही टोके जखडली, तर मोमेंट कोठे शून्य होईल? (टोकांपासून पाव लांबीवर, पण ते मुलांनाच भांडून ठरवू द्या.)

उत्तर २:
रीत उत्तम आहे, परंतु विद्यापीठाचा पेपर जुन्याच साच्याचा असेल, तर मुले ‘नोट्स कधी देणार?’ असेच विचारणार. निदान अंतर्गत चाचणीत तरी असे प्रश्न ठेवा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पुढच्या चाचणीत आकडे न देता केवळ आकृतीचा आकार विचारतो.