मदत हवी आहे: अभ्यासिकांसाठी वेब सॉफ्टवेअर, गुंतवणूकदाराशिवाय सुरू करायचंय

नवीपेठकर
नमस्कार मंडळी. हिंजवडीत नोकरी, काम बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरकडच्या कोडचं. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड भागातल्या अभ्यासिकांसाठी छोटं वेब सॉफ्टवेअर करायचंय. कुठली सीट कोणाकडे, फी कधी संपते, लॉकर, डिपॉझिट, थकबाकीची आठवण, एवढंच. ज्या मालकांशी बोललो ते रजिस्टर आणि पावतीपुस्तकावर भागवतात. दीड लाख बाजूला ठेवलेत, आठवड्याला दहाएक तास देता येतील. गुंतवणूकदार नकोच. मेहुणे पाच लाख द्यायला तयार आहेत, पण ३०% हिस्सा मागतात.
प्रश्न असे: प्रायव्हेट लिमिटेड आधीच काढू का? जीएसटीचं काय? महिना ४९९ रुपये दर ठीक आहे का? पहिली आवृत्ती व्हायला चार महिने लागतील असं दिसतंय, तोवर काय करू?

ताळेबंद
कंपनी आत्ता काढू नका. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट लागतं. वार्षिक फॉर्म उशिरा भरले तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दीड लाखातला मोठा तुकडा त्यातच जाईल. प्रोप्रायटरशिपने, म्हणजे एकट्याच्या मालकीने, सुरुवात करा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली की ती खासगी एजंटाची समजा. एकटेच असाल तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती जपायची. या दोन कागदांवर बँकेत धंद्याच्या नावाने करंट खातं उघडता येतं. पगाराच्या खात्यात गिऱ्हाइकाचे पैसे घेऊ नका, मार्चमध्ये कुठली रक्कम कशाची हे तुमचं तुम्हालाच लागणार नाही.

प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं देणं म्हणजे तुमचं स्वतःचं देणं, हे मात्र ध्यानात ठेवा. कोणी भागीदार आला किंवा मोठे करार व्हायला लागले, की कंपनीचा विचार करा.

जीएसटी: सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. उलाढाल पॅनवर मोजतात, त्यामुळे फ्रीलान्सचं काम, अगदी घरभाडंसुद्धा त्यात धरलं जातं. पगार धरत नाहीत. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, ‘सगळेच लावतात’ म्हणून तर मुळीच नाही.

उधारी_बंद
४९९ चुकलंय. दर महिन्याला तीस मालकांकडून ४९९ गोळा करणं ही स्वतंत्र नोकरीच आहे. यूपीआय ऑटोपे लावलं तरी खात्यात शिल्लक नसली की हप्ता फेल, मग फोन तुम्हीच करायचा. वर्षाचे ५,००० आगाऊ घ्या. दहा मालकांनी दिले की ५०,००० हातात येतात. तुमचं भांडवल ते. २० लाखांची मर्यादा गाठायला या दराने ४०० अभ्यासिका लागतील, म्हणजे जीएसटीची चिंता निदान पहिल्या वर्षी नको.

पेमेंट गेटवेही आत्ता नको. साधारण २% फी आणि त्या फीवर १८% जीएसटी, म्हणजे ५,००० मागे ११८ रुपये. शिवाय अर्ज करण्याआधी साइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही पानं हवीत, एखादं नसेल तर अर्ज अडकतो. पहिल्या पंधरा-वीस गिऱ्हाइकांना करंट खात्याचा क्यूआर दाखवा आणि पावती द्या.

आता मुख्य गोष्ट. चार महिने कोड लिहून मग दारोदार जायचा बेत असेल तर क्रम उलटा आहे. आधी पाच मालकांकडे जा आणि रजिस्टरची गेल्या महिन्याची पानं बघायला मागा. रकान्यांपेक्षा समासात काय लिहिलंय ते वाचा. ‘अर्धी दिली, उरलेली १५ ला’, ‘गावी गेलाय, सीट ठेवा’, ‘४२ ऐवजी ४७ दिली, पंख्याखाली नको’. तुमचं सॉफ्टवेअर यावर चालेल किंवा पडेल. अर्धवट फी आणि राखून ठेवलेली सीट पहिल्या दिवसापासून जमली पाहिजे. ग्राफ आणि डॅशबोर्ड कोणी बघत नाही.

मग सांगा, ‘सहा आठवड्यांत चालू करून देतो, तुमचं जुनं रजिस्टर मी स्वतः भरून देतो, आज अर्धे द्या, नाही आवडलं तर परत.’ पाचातल्या तिघांनी २,५०० काढून दिले तर लिहायला बसा. ‘कल्पना छान आहे, बनवा मग बघू’ याला पुण्यात नकार म्हणतात.

शनिवारवाडा_सोडून
मेहुण्यांचे पाच लाख हीसुद्धा बाहेरचीच गुंतवणूक. फक्त भागधारकांची सभा दिवाळीच्या फराळाला भरते. ३०% देऊ नका.

सर्व्हरवाला
खर्च किरकोळ आहे. डॉट इन डोमेन, पण पहिल्या वर्षीचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा बघा. दोन जीबी रॅमचा एक व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) महिना हजाराच्या आसपास. त्यावरच ॲप आणि पोस्टग्रेस डेटाबेस. कुबरनेटिस वगैरे मोठ्या पसाऱ्याच्या गोष्टी ऑफिसात. रोज रात्री डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, घ्या आणि तो दुसऱ्याच कंपनीच्या स्टोरेजवर टाका, कारण कार्ड नाकारलं जाऊन खातं बंद झालं तर सर्व्हर आणि बॅकअप एकदमच जातात. महिन्यातून एकदा तो डंप रिकाम्या मशीनवर उतरवून बघा.

दोन जागी हमखास फसतं. एक, तीच सीट दोघांना जाणं. ‘आधी बघा रिकामी आहे का, मग लिहा’ हे ॲपच्या कोडमध्ये केलं, की मालक आणि त्याचा पोऱ्या दोन मोबाइलवरून एकदम बटण दाबतात आणि ४७ नंबर दोघांना जातो. पोस्टग्रेसमध्ये सीट, शिफ्ट आणि तारखांची रेंज यांवर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट (नोंदी एकमेकींवर चढू न देणारा नियम) लावा, दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. त्यासाठी बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. फुल-डेची नोंद सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन ओळींत करा, नाहीतर फुल-डे आणि सकाळ एकमेकांना अडवणारच नाहीत.

दुसरी, फीची तारीख. अभ्यासिकेत महिना तारखेपासून तारखेपर्यंत. ३१ जानेवारीला आलेल्याची पुढची तारीख २८ फेब्रुवारी येते. आता त्या २८ मध्ये महिना मिळवला की २८ मार्च, आणि मुलाचे तीन दिवस कायमचे गेले. मूळ दिवस ३१ वेगळा साठवा आणि दर वेळी त्यावरूनच मोजा. मुलं एमपीएससीची तयारी करणारी आहेत, तीन दिवस सोडणार नाहीत.

नवीपेठकर
धन्यवाद, बराच गाळ निघाला. थकबाकीची आठवण एसएमएसने पाठवू की व्हॉट्सॲपने? एक फुकटची कोड लायब्ररी सापडली आहे, क्यूआर स्कॅन करून मेसेज जातात.

सर्व्हरवाला
ती लायब्ररी लावू नका. ती अधिकृत नाही, नंबर बंद होतो, आणि तो नंबर मालकाचा असतो. सुरुवातीला साधी क्लिक टू चॅट लिंक द्या. मालकाने बटण दाबलं की त्याच्याच व्हॉट्सॲपवर तयार मजकूर उघडतो, पाठवायचं काम त्याचं. लिंकमध्ये मुलाचा नंबर ९१ लावून, पण अधिकचं चिन्ह किंवा शून्य न लावता. मराठी मजकूर लिंकमध्ये चालेल असा एन्कोड करा.

एसएमएसला डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवरची) लागते, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) दोन्ही मंजूर करून घ्यावे लागतात. मंजूर मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी मेसेज अडतो, आणि टेम्प्लेटमधल्या बदलत्या जागेत मोजकीच अक्षरं बसतात. देवनागरीत एका एसएमएसला १६० ऐवजी ७० अक्षरं मिळतात, म्हणजे थोडा लांबला की दोनाचे पैसे.

ताळेबंद
नोकरीचं पत्र काढून बौद्धिक संपदा आणि इतर व्यवसाय ही दोन कलमं वाचा. काही पत्रांत नोकरीच्या काळात केलेलं सगळंच कंपनीचं, असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर पहिली पावती फाडण्याआधी एचआरकडून लेखी परवानगी घ्या. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, ऑफिसचं वायफाय यांतलं काहीही या कामाला वापरू नका. राजीनाम्याचं नंतर बघू, आधी दुसऱ्या वर्षाचे ५,००० किती जण न मागता देतात ते कळू द्या.

आणि प्रवेशाच्या फॉर्मवर आधारचा फोटो चढवायची सोय ठेवू नका, मालकाने मागितली तरी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर नको तो कागद साठवणं हे विनाकारण अंगावर घेतलेलं ओझं आहे. नाव, मोबाइल आणि घरच्यांचा एक नंबर पुरतो.