दुसऱ्याच्या जगात शिरलात, तेव्हा काय हाती लागलं?

गेली पाच वर्षं मी एक काल्पनिक जग रचते आहे. वह्या एकटीनंच भरल्या, पण त्यातल्या ज्या पानांवर आज माझा जीव आहे, ती सगळी दुसऱ्या कुणाचं तरी काम पाहून आल्यावर लिहिलेली आहेत. म्हणून हा धागा. इथे आपल्या जगाबद्दल नको, दुसऱ्याच्या जगाबद्दल लिहूया. छापून आलेली मोठी नावंही बाजूला ठेवू. ओळखीतल्या कुणाच्या वहीत, एक्सेलमध्ये, कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर जे जग आहे, त्यात तुम्हाला काय दिसलं आणि घरी येऊन तुम्ही काय बदललंत?

सुरुवात मी करते. माझ्या नकाशातले डोंगर शोभेचे होते, कागदाची कडा भरायला काढलेले. भूगोल शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं तिच्या खंडाचा नकाशा दाखवला. चार्टपेपरवर पेन्सिलनं तिनं सगळ्यात आधी वाऱ्याचे बाण काढले होते. मग डोंगर, मग नद्या, आणि गावं अगदी शेवटी. डोंगराच्या अलीकडे उतरती छपरं आणि भात, पलीकडे धाब्याची घरं आणि बाजरी. कुठून सुचलं, विचारलं तर म्हणाली, "अगं, महाबळेश्वरहून दहिवडीला गेलीयेस ना कधी?" महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दहिवडीच्या माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या घरात, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. मी साताऱ्याचीच. लहानपणापासून तो रस्ता पाहिलाय, पण माझ्या जगात तो कधी आलाच नव्हता.

त्या रात्री मी एक नदी खोडली. ती डोंगरातून निघून वाटेत दुभंगायची आणि दोन समुद्रांना मिळायची. नद्या वाटेत एकमेकींना येऊन मिळतात. फाटे फुटायचे ते सहसा मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. तिच्या जागी गोदावरीसारखी नदी काढली. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र ८० किलोमीटरवर, तरी गोदावरी पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. माझ्या नदीच्या उगमाशी राहणाऱ्यांना आता समुद्राचा वास येतो, पण त्यांची नदी तिकडे जात नाही. त्यांची सगळी गाणी याच एका दुःखावर आहेत.

*

मी नावांवर अडलो होतो. माझं प्रत्येक शहर वज्रकेतुपूर नाहीतर सुवर्णगिरी. एका मित्रानं त्याच्या राज्याचे तीन नकाशे काढलेत, मध्ये तीनतीनशे वर्षं. गावं तीच, नावं झिजलेली. मी बराच वेळ एकाच गावावर बोट ठेवून तिन्ही कागद पाहत होतो. तो म्हणाला, यात माझं काही नाही, प्रतिष्ठानाचं पैठण झालं, करहाटकाचं कऱ्हाड, शूर्पारकाचं सोपारा, तगराचं तेर, तसंच केलंय. पण त्यानं त्यासाठी नियमांचं पान केलं होतं, आणि मला खरं ते पान आवडलं. जोडाक्षर आधी दुहेरी होतं, मग एकेरी होतं आणि मागचा स्वर लांबतो: सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. दोन स्वरांमधला त किंवा प गळून जातो.

ते नियम मी माझ्या राजधानीला लावले. वज्रकेतुपूर, वज्जकेऊर, वाजकेर. हे नाव लिहिलं आणि पहिल्यांदाच मला त्या गावात बाजार भरलेला दिसला.

*

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. तो एक भाषा बनवतोय. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही', हा फरक त्यानं पकडला (मी इतकी वर्षं मराठी शिकवते, पण त्याच्याइतकं नवल मला कधी वाटलं नव्हतं) आणि एक तिसरं सर्वनाम केलं: गेलेली माणसं धरून आपण. त्याच्या जगात जमिनीचा वाद असला की दोन्ही बाजूंना त्याच सर्वनामात बोलावं लागतं. मी वही मिटून त्याला जवळ घेतलं.

*

शनिवारी आम्ही एकेक पात्र होऊन गोष्ट खेळतो, त्या खेळात जग चालवणारी एक ताई आहे. आम्ही एका शहरात चोर शोधत होतो. मी सहज विचारलं, ताई, हे शहर जेवतं काय? तिनं फायलीतून कागद काढला. माणशी अर्धा किलो धान्य, पन्नास हजार वस्ती, म्हणजे रोज पंचवीस हजार किलो. बैलाच्या पाठीवर शंभर किलो धरलं तर रोज अडीचशे बैल वेशीतून आत यायला हवेत, आणि त्यांचा चारा वेगळाच. मी भुसार मालाच्या धंद्यात आहे. हा हिशोब कुणी गोष्टीसाठी मांडून ठेवेल असं मला वाटलं नव्हतं.

मग आम्ही बैलांच्या मागावर निघालो. घाटात जकातीचा दगडी रांजण होता, नाणेघाटात आहे तसा. चोर रांजणाशीच सापडला. तेव्हापासून मी स्वतः काही लिहायला बसलो की आधी धान्य कुठून येतं ते ठरवतो.

*

मला हेवा वाटला होता, तेही लिहितो. परदेशात राहणाऱ्या एका मराठी मित्राच्या जगाला दोन चंद्र आहेत. आपल्या एका चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या मानाने अकरा दिवस कमी पडतात, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना. त्यानं दोन चंद्रांसाठी दोन पंचांगं मांडली. दोन जमाती, दोन अधिक महिने. ते एकत्र येतात त्या वर्षी कुणीच लग्न करत नाही. महिनाभर मी माझी वही उघडली नाही. शेवटी त्यालाच फोन करून विचारलं, मी हे वापरू का? म्हणाला, "पद्धत घे रे खुशाल, फक्त सण तुझे तू कर." दीड तास बसून त्यानं मला सगळं गणित समजावलं.

*

दोन चंद्रवाल्या दादांसाठी. मी मालवणची. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. आजोबा होडी याच हिशोबानं काढायचे. दोन चंद्र असतील तर तुमच्या मित्राच्या बंदरात पाणी कधी चढतं, हे त्यांनी ठरवलंय का? नसेल तर दुसरा चंद्र किती मोठा, किती लांब आणि किती दिवसांत फेरी मारतो, एवढं त्यांना विचारून कळवा. वर्षभराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मी करून देते.